कुलदैवताची ओळ

साखरपुड्यापासून जयंतीच्या छातीवर बसलेला दगड गुरुवारी सकाळी अकरा वाजता उतरला आणि सव्वाअकरा वाजता तिथेच दुसरा येऊन बसला. मधल्या पंधरा मिनिटांत मात्र तिने इतकं हसून घेतलं, की बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात गेल्या आठ महिन्यांत सगळे मिळूनही तेवढं हसले नसतील.

पहिला दगड साधा होता. तिच्या मुलाने, सारंगने, पसंत केलेली मुलगी मणिपूरची, नागा. आणि नागा म्हणजे ख्रिश्चन, हे आगाशांच्या घरात प्रत्येकाला कोणी न सांगताच माहीत होतं. जयंती फेब्रुवारीत पंधरा दिवस रडली. तिच्या नवऱ्याने, मनोहरने, नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणून पेपर वाचला. शेवटी पुण्याहून नणंदेने, म्हणजे मंजूषाने, फोनवर तिची खरडपट्टी काढली, मुलगी चर्चला जाते म्हणून आमटीत मीठ घालायची थांबणार आहे का असं विचारलं, आणि जयंतीने डोळे पुसले. सारंगने या सगळ्यात एकदाच ‘त्यांचं वेगळं आहे’ एवढं सांगितलं होतं. वेगळं म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मोठ्या मनाच्या माणसांना बारीकसारीक चौकशा करायला वेळ नसतो.

उद्या शुक्रवारी अकराला खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, लग्नाची नोंदणी होती आणि शनिवारी हूफडॉर्पच्या हॉलमध्ये मराठी पद्धतीचं लग्न. मंजूषा दोन दिवसांपूर्वी पुण्याहून आली ती पत्रिकांचा गठ्ठा बॅगेतून घेऊन. सगळ्या पत्रिका छापायचं, वाटायचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं होतं. त्यातली एक सारंगने आज सकाळी कॉफी पिता पिता उघडली.

“आत्या,” तो म्हणाला, “हे वरती काय लिहिलंय?”

वर एका बाजूला ‘॥ श्री व्याडेश्वर प्रसन्न ॥’ होतं, आगाशांचं कुलदैवत. दुसऱ्या बाजूला, मुलीकडच्यांच्या जागी, तितक्याच ठसठशीत सोनेरी अक्षरांत ‘॥ प्रभू येशू प्रसन्न ॥’ होतं.

मंजूषाने अभिमानाने मान हलवली. पत्रिकेवर दोन्ही घरांची दैवतं असतात, मग मुलीकडची जागा रिकामी का सोडायची, असा तिचा सरळ हिशेब होता. छापखान्याच्या माणसाने दोनदा फोन करून खात्री केली होती. तिने त्याला ‘छापा बिनधास्त’ म्हणून सांगितलं होतं.

“असी ख्रिश्चन नाहीये,” सारंग म्हणाला. “कधीच नव्हती. They have their own God. तिंगकाव रागवांग.”

मुलीचं नाव आसिनल्यू, पण सगळे तिला असी म्हणायचे. सारंगने मग उभ्या उभ्या, निम्मं इंग्रजीत, जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. असीचे लोक राँगमेई. त्यांच्यातले पुष्कळ जण ख्रिश्चन झाले, पण तिच्या घरासारखी काही घरं जुन्याच देवाला धरून राहिली. तिंगकाव रागवांग म्हणजे सगळ्यांच्या वरचा, आकाश, माती, माणूस सगळं घडवणारा. त्याची मूर्ती नसते. पौर्णिमेला त्याची प्रार्थना करतात. यापुढे त्यालाही फारसं काही सांगता येईना.

“म्हणजे ख्रिश्चन नाहीतच?” जयंतीने विचारलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला, पुन्हा हसली. आठ महिने ज्याच्यासाठी जिवाला घोर लावून घेतला ते मुळात नव्हतंच. “मग आपल्यातलेच की,” ती म्हणाली आणि सगळ्यांसाठी पुन्हा कॉफी टाकायला उठली.

सारंगचा चेहरा उतरलेला तिने परत आल्यावर पाहिला. तेव्हा दुसरा दगड बसला.

असीचे वडील, दिजिनांग पालमेई, सोमवारी इंफाळहून निघून मंगळवारी इथे पोचले होते आणि डेल्फ्टला तिच्या खोलीवर उतरले होते. लग्नाला त्यांची ना नव्हती. अट एकच होती: आपल्या मुलीला तिचा देव सोडायला कोणी सांगणार नाही, हे त्या घरात बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आज तीन वाजता ते त्यासाठीच येणार होते. आणि असीने सारंगला स्वच्छ सांगितलं होतं, की पप्पांनी नाही म्हटलं तर ती उद्या खेमेंटेत येणार नाही. आई गेल्यापासून त्या दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

“आणि त्यांना काय दाखवायचं, तर ही पत्रिका,” सारंग म्हणाला.

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, अशी मंजूषाची गत झाली. एकशे वीस पत्रिका पुण्यातून कधीच रवाना झाल्या होत्या. पासष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदाच स्वतःवर खूश होती, भाऊबंदांत आपल्याइतकं पुढारलेलं कोणी नाही असं तिला मनातून वाटत होतं, आणि आता ती गठ्ठ्याकडे बघत नुसती बसून राहिली. तिला त्या येशूचा नाही, स्वतःचा राग आला. चाळीस वर्षं शाळेत मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या बाईने प्रश्नच वाचला नव्हता.

गंमत अशी, की एरवी नणंदेच्या चुकीची वाट बघणारी जयंती या वेळी तिच्या बाजूने उभी राहिली. “ताई, तुम्ही चांगल्या मनाने केलंत,” ती म्हणाली, आणि उलट मनोहरवरच घसरली. तुम्हीच म्हणालात ना, नागा म्हणजे ख्रिश्चन. मनोहर म्हणाला, त्यात एवढं काय, गठ्ठा वॉशिंग मशीनच्या कपाटात टाका, त्या माणसाला मराठी कुठे वाचता येतंय. हे सगळ्यांना पटलं. गठ्ठा कपाटात गेला. पण घरातल्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते, ती जयंतीने स्वतःच्या हाताने, हळदकुंकू लावून, मंगळवारीच देवघरात ठेवली होती. ती कोणालाच आठवली नाही.

*

तीनला दहा मिनिटं असताना दिजिनांग आणि असी पाच नंबरच्या ट्राममधून उतरले. वाटेत ते फारसं बोलले नव्हते. दिजिनांग बारीक चणीचे, ताठ, सत्तरीला टेकलेले. अंगात जुना कोट, खांद्यावर घरी विणलेली लाल-काळी शाल. आपण मुलीच्या सासरी परीक्षा घ्यायला चाललो आहोत हे त्यांना आवडत नव्हतं. पण त्यांनी आयुष्यात एवढं पाहिलं होतं, की न बघता विश्वास ठेवायची ताकद उरली नव्हती.

घर त्यांना बरं वाटलं. बोलणं हिंदीत चाललं. मनोहर अघळपघळ बोलत होता, मुलाची आत्या नावाची बाई काहीच बोलत नव्हती आणि मुलाची आई गरजेपेक्षा जास्त हसत होती. पोह्यांवर ओलं खोबरं होतं. चहाचं आधण ठेवून आल्यावर जयंतीने, जे कुठलीही मराठी बाई करील तेच केलं. पाहुण्यांना देवघर दाखवायला नेलं.

दिजिनांग हात जोडून उभे राहिले. दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडायला त्यांची कधीच हरकत नव्हती. मग त्यांचं लक्ष तसबिरीला टेकवून ठेवलेल्या पत्रिकेकडे गेलं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत हिंदी शिकवली होती. देवनागरीतल्या सोनेरी तीन शब्दांना त्यांना किती वेळ लागणार?

राग आला नाही. थकवा आला. त्यांच्या गावात बेचाळीस घरं होती आणि पौर्णिमेला एकत्र प्रार्थना करणारी आता पाच. बाकीची माणसं वाईट नव्हती. त्यांची सख्खी थोरली बहीण दर रविवारी चर्चला जायची आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं असलं की तीच गाडी सांगायची. पण बायको गेली त्या दिवशी तिच्यासाठी म्हणायची गाणी पूर्ण येणारी माणसं शोधायला त्यांना दुसऱ्या गावी निरोप पाठवावा लागला होता. आणि इतक्या वर्षांत जो कोणी त्यांच्या दारात आला तो उत्तर घेऊनच आला. इथे समुद्रसपाटीच्याही खाली, परक्या देशात, उत्तर छापून तयार होतं.

“फार सुंदर छापली आहे,” ते बाहेर येऊन बसल्यावर म्हणाले. “फक्त हा देव माझा नाही.”

जयंतीच्या हातातला ट्रे तिथेच थांबला. मनोहरने घसा खाकरला. घाईघाईने सावरून घ्यायची वेळ येते, तेव्हा माणूस हमखास जास्त बोलतो. जयंतीचं तसं झालं. चूक झाली, मनावर घेऊ नका, आम्हालाही आज सकाळीच कळलं, आणि खरं सांगायचं तर कळल्यावर किती बरं वाटलं म्हणून सांगू, असं ती एका दमात बोलून गेली. “तुमचं-आमचं एकच हो,” ती म्हणाली. “तुमचा देव म्हणजे आमचा परमेश्वरच. नाव तेवढं वेगळं.”

दिजिनांग हसले. त्या हसण्यात राग नव्हता म्हणूनच ते जयंतीला जास्त लागलं.

“बहनजी,” ते म्हणाले, “सकाळपर्यंत मी तुमच्या घरी ख्रिश्चन होतो. आता चहा कपात पडायच्या आत हिंदू झालो. माझ्या देवाला थोडा वेळ तरी त्याच्या स्वतःच्या नावाने राहू द्या.”

असी उठली आणि दारामागचा कोट काढायला गेली.

*

सारंगने तिला खुंटीवरून कोट काढताना पाहिलं. तीन वर्षं तो तिला ओळखत होता. दर पौर्णिमेला संध्याकाळी तास-दीड तास ती फोन उचलायची नाही, एवढं त्याला माहीत होतं. तो तिला ‘मून मीटिंग’ म्हणून चिडवायचा आणि ती हसायची. एकदाही त्याने, तू काय म्हणतेस, कुणाशी बोलतेस, मी बसू का शेजारी, असं विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, न विचारणं हाच आपला मोठेपणा. आत्याने निदान चुकीचं का होईना, काहीतरी छापलं होतं. त्याने पान कोरंच ठेवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

मनोहर बहिणीच्या बचावाला सरसावला. एका ओळीवरून एवढं लांबवायचं कारण नाही, आजकाल पत्रिका वाचतो कोण, आणि आमच्या ताईचा हेतू तर शुद्ध होता, असं त्याने सुरू केलं.

“मनू, गप्प बस,” मंजूषा म्हणाली. दुपारपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. ती खुर्ची ओढून दिजिनांग यांच्या समोर बसली. तिची हिंदी पुणेरी होती, पण ती अडली नाही. “ते मी लिहिलं. तुम्हाला मान द्यायचा होता. विचारायचं मात्र सुचलं नाही. हेतू चांगला होता म्हणून चूक लहान होत नाही.”

दिजिनांग यांनाही मास्तरकी माहीत होती. चूक कबूल करणारा विद्यार्थी वर्गात किती क्वचित भेटतो, तेही माहीत होतं.

“ही ओळ वाचून तुमच्या नातेवाइकांनी काय म्हटलं?” त्यांनी विचारलं.

“दोघांनी कळवलं, की असली पत्रिका आम्ही घरात ठेवणार नाही, आणि पुण्यातल्या स्वागत समारंभालाही येणार नाही.”

“मग?”

“मी म्हटलं, नका येऊ. जेवायला चार पानं कमी लागतील. त्यातला एक माझा सख्खा दीर आहे. महिना झाला, बोलत नाही.”

तेव्हा दिजिनांग पहिल्यांदा मनापासून हसले. खांद्यावरची शाल घसरली ती सावरायचंही त्यांना सुचलं नाही. “भांडलात चुकीच्या देवासाठी,” ते म्हणाले, “पण भांडलात माझ्या मुलीसाठी.”

असी दारात कोट हातात घेऊन उभी होती. तिने तो खुंटीला परत लावला, तो पडला, पुन्हा लावला. मग ती सरळ मंजूषाजवळ जाऊन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडू लागली. पप्पांना काय वाटेल या काळजीने ती मंगळवारपासून धड झोपली नव्हती, हे सारंगला तेव्हा कळलं. मंजूषाला पोरंबाळं नव्हती. रडणाऱ्या मुलीच्या केसांवरून हात कसा फिरवतात ते तिला आठवून आठवून करावं लागलं.

सगळ्यांच्या अंगातला ताठा एकदमच गेला. मनोहरने पोह्यांची बशी पुन्हा पुढे केली आणि या वेळी ती कोणी नाकारली नाही. चहा गार झाला होता, तो जयंतीने टाकून दुसरा केला. स्वयंपाकघरात एकटी असताना तिने दोन मिनिटं ओट्याला टेकून श्वास घेतला. तिला कळत होतं की आपली चूक नणंदेच्या चुकीपेक्षा मोठी होती. नणंदेने भलत्याचं नाव लिहिलं, आपण तर खऱ्या नावावरच पाणी सोडलं. बाहेर येऊन कप ठेवता ठेवता तिने विचारलं, शनिवारी सकाळी आमच्याकडे देवक बसतं, म्हणजे लग्नाआधी देवांना बोलावून बसवतात. तर तुमच्या देवाला कुठे बसवू?

“बसवू नका,” दिजिनांग म्हणाले. “तो बसत नाही.”

“मग आम्ही काय करायचं?”

हा प्रश्न त्यांना नवा होता. “पौर्णिमेला तिला तास-दीड तास मोकळा द्या,” ते शेवटी म्हणाले. “कोणाला शेजारी बसावंसं वाटलं तर बसावं. नाही वाटलं तर नाही.”

“मी बसेन,” सारंग मराठीत म्हणाला, आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाला. असीने मान वर केली नाही, पण तिचं रडं थांबलं.

“आज पौर्णिमा नाही,” दिजिनांग म्हणाले, “पण लेकीचं लग्न ठरतंय. मी त्याला सांगून टाकतो.”

ठरतंय, असं ते म्हणाले. तो शब्द ऐकून जयंतीच्या छातीवरचा दगड असा काही उतरला की तिला खाली बसावंसं वाटलं. पण बसायला सवड कुठली. त्यांनी एका वाटीत पाणी आणि आल्याचा तुकडा मागितला. त्यांच्या घरी प्रार्थनेला आलं लागायचं. चहासाठी आल्बर्ट हाइन या इथल्या दुकानातून आणलेलं आलं ओट्यावर होतंच. जयंतीने ते धुतलं, साल काढू का म्हणून विचारलं, नको म्हटल्यावर तसंच दिलं.

सगळे बाल्कनीत आले. चौघांपुरती जागा, तीत सहा जण दाटीवाटीने उभे राहिले. स्खिपोलला उतरणारं एक विमान लांबून गेलं. खालच्या रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. ढग होते, पण मधे मधे बराच निळा भाग मोकळा होता. दिजिनांग यांनी शाल नीट केली आणि वळून म्हणाले, नुसती प्रार्थना करून चालत नाही, कोणाकोणासाठी मागतो आहोत ते त्याला नावाने सांगावं लागतं. तर आपापली नावं सांगा, स्वतःची, जन्माची.

मनोहरने सांगितलं. मंजूषाने सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. सारंगने सांगितलं. जयंतीची पाळी आली तेव्हा ती वाटीतल्या पाण्याकडे बघत होती.

“शलाका,” ती म्हणाली.

मनोहरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या कार्यालयात, ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीने त्याने ‘जयंती’ लिहिलं होतं. नाव त्याच्या आईने सुचवलं होतं, सगळ्यांनी छान आहे म्हटलं होतं आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्याला तेव्हाही सुचलं नव्हतं आणि नंतरही नाही. आता तो काहीतरी बोलायला गेला, पण तिने हात किंचित वर करून त्याला थांबवलं. तिला वाईट वाटत नव्हतं. उलट फार मोकळं वाटत होतं, आणि हे असं चारचौघांत, परक्या माणसाच्या एका साध्या प्रश्नाने वाटावं याचं तिला नवल वाटत होतं.

दिजिनांग यांनी ते नाव हळूच दोनदा म्हणून पाहिलं. बरोबर म्हणतोय ना, असं तिला विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हा त्यांनी आकाशाकडे तोंड केलं.